पोट लहान करण्याआधी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते रुग्णाची नाडी हातात घेण्याआधी त्याची विचारपूस करत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. आज मी अशाच एका विचारपुशीबद्दल बोलणार आहे. लठ्ठपणासाठी शस्त्रक्रिया करून घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनाची तयारी कशी करावी, ती का करावी आणि तिच्याकडून कसली अपेक्षा ठेवावी, हा माझा विषय.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडते. रुग्ण शस्त्रक्रियेला लायक आहे की नाही हे ठरवणारी परीक्षा म्हणजे ही तयारी नव्हे. तिच्यामुळे आणखी पाच-दहा किलो उतरतील असे आश्वासनही कोणी देऊ नये. बदललेल्या पोटासह ज्याला पुढची तीस-चाळीस वर्षे काढायची आहेत, त्या माणसावरचा हा उपचार आहे. म्हणून तो शस्त्रक्रियेआधी सुरू व्हायला हवा आणि शस्त्रक्रियेनंतर किमान दोन वर्षे चालू राहायला हवा.

शस्त्रक्रियेच्या हातात काय आहे

या शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ती आळशी माणसाची पळवाट वाटते, तर काहींना जादू. दोन्ही मते चुकीची आहेत. १९५४ मध्ये मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याचा मार्ग दाखवला. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी जठराचा बायपास केला, म्हणजे जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. आज जगभर मोठ्या प्रमाणावर होते ती स्लीव्ह शस्त्रक्रिया. तीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होत असते. त्यामुळे पोटातली जागा तर कमी होतेच, शिवाय भूकही मंदावते. बायपासनंतर वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांत, अनेक मधुमेहींची साखर खाली येते. ही शरीरशास्त्राच्या पायावर उभी असलेली, सिद्ध झालेली उपचारपद्धती आहे, आणि ती निवडणाऱ्या माणसाला लाज वाटावी असे तिच्यात काही नाही.

स्वीडनमध्ये लार्स शोस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक माणसांची तुलना शस्त्रक्रिया न झालेल्या तेवढ्याच माणसांशी केली गेली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. दहा वर्षांनंतर ती घट २५ टक्क्यांवर आली होती. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूंचे प्रमाणही कमी होते. हे निष्कर्ष २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले.

त्याच अंकात अमेरिकेतल्या यूटा राज्यातला दुसरा अभ्यास छापला गेला. त्यातही बायपास झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी होते आणि मधुमेहाने होणारे मृत्यू तर ९२ टक्क्यांनी कमी होते. पण त्याच पानांवर आणखी एक आकडा होता. अपघात, आत्महत्या अशा, आजारामुळे न झालेल्या मृत्यूंचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये ५८ टक्क्यांनी जास्त होते. पुढे २०१६ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ८,८१५ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीने रुग्णालयात आणावे लागण्याचे प्रसंग शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत आधीपेक्षा जवळजवळ दीडपट झाले.

या घटनांची प्रत्यक्ष संख्या लहान आहे आणि शस्त्रक्रियेने वाचलेल्या जिवांची संख्या तिच्याहून कितीतरी मोठी आहे, हे मी आवर्जून सांगते. कोणी घाबरून उपचार टाळू नये. पण ज्या माणसाची साखर, रक्तदाब, श्वास सगळे सुधारले, त्याला जगणे नकोसे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियागृहात सापडत नाही.

सॅन डिएगोतला धडा

ते उत्तर कुठे शोधावे, हे कॅलिफोर्नियातल्या एका डॉक्टरांनी फार पूर्वी दाखवले होते. सॅन डिएगोत कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत व्हिन्सेंट फेलिटी हे लठ्ठपणाचा उपचारविभाग चालवत. शस्त्रक्रिया न करता केवळ विशेष आहारावर तिथे माणसांचे वजन झपाट्याने उतरे. पण १९८५ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की, ज्यांचे वजन उत्तम उतरते आहे, नेमके तेच रुग्ण उपचार सोडून जात आहेत.

एका तरुण स्त्रीचे वजन वर्षभरात सुमारे १८५ किलोंवरून ६० किलोंवर आले. मग तीन आठवड्यांत ते एकदम १७ किलोंनी वाढले. विचारल्यावर कळले की, कामावरच्या एका पुरुषाने तिच्याशी लगट करण्याचा प्रयत्न केला होता आणि तेव्हापासून तिचे खाणे तिच्या ताब्यात राहिले नव्हते. लहानपणी घरातल्याच माणसाने तिच्यावर लैंगिक अत्याचार केले होते. फेलिटींनी मग इतर रुग्णांनाही विचारायला सुरुवात केली आणि अशा कहाण्या एकामागून एक पुढे आल्या. वजनामुळे आपण पुरुषांच्या नजरेतून सुटतो, असे सांगणाऱ्या स्त्रिया त्यांना भेटल्या. त्यांच्यासाठी लठ्ठपणा हे संरक्षण होते आणि डॉक्टर ते काढून घेत होते. यातूनच संशोधक रॉबर्ट अँडा यांच्यासह बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा एक मोठा अभ्यास उभा राहिला. १७ हजारांहून अधिक माणसे त्यात सहभागी झाली आणि त्याचा पहिला निबंध १९९८ मध्ये आला.

प्रत्येक लठ्ठ माणसाच्या मागे असा आघात असतो, असा निष्कर्ष यातून काढू नये. आनुवंशिकता, औषधे, झोप, बैठे काम, सहज मिळणारे तळलेले-गोड पदार्थ अशी अनेक कारणे एकत्र येतात. पण काहींच्या बाबतीत खाण्याने एखादे काम अंगावर घेतलेले असते. ते दुःख आवरते, राग गिळायला मदत करते, एकटेपणात सोबत करते. शस्त्रक्रियेनंतर खाणे ते काम करू शकत नाही आणि काम मात्र उरतेच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना नैराश्य होते आणि १७ टक्क्यांना अनावर खाण्याचा विकार होता.

हे काम कधीकधी दारू अंगावर घेते. बायपासनंतर दारू रक्तात लवकर उतरते आणि थोड्यानेही जास्त चढते. अमेरिकेतल्या १,९४५ रुग्णांच्या अभ्यासात दारूच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होते आणि पहिल्या वर्षी ७.३ टक्के. दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झाले. हे ‘दुसरे वर्ष’ कृपया लक्षात ठेवा.

उपचाराच्या खोलीत

मग या तयारीत प्रत्यक्ष काय करतात? सहा ते दहा भेटी होतात, प्रत्येक तासाभराची. पाया असतो विचार, भावना आणि वर्तन यांच्यातले दुवे उलगडणाऱ्या उपचारपद्धतीचा. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यासाठी ती घडवली, तर ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी तिला खाण्याच्या विकारांसाठी रूप दिले. महाराष्ट्राला तिची बहीण अधिक ओळखीची आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मुंबईत राहून आपल्याकडे रुजवली. म्हणजे ही विचारसरणी मराठी मनाला परकी नाही.

पहिले साधन म्हणजे नोंदवही. तीत उष्मांक मोजायचे नसतात. कधी खाल्ले, कुठे, कोणाबरोबर, खरोखर भूक होती का आणि त्या क्षणी मनात काय चालले होते, एवढेच लिहायचे. नोकरी करणाऱ्या एखाद्या बाईची नोंद कशी असेल पाहा. सकाळी घाईत नुसता चहा. दुपारी बैठक लांबली, म्हणून डबा अर्धाच. संध्याकाळी सात वाजता घरी पाऊल टाकताच सासूबाईंचे वजनावरून बोलणे. स्वयंपाक करता करता उभ्यानेच फरसाण. मग ‘आज वाटोळे झालेच’ म्हणून रात्रीचे जेवण बंद. अकरा वाजता सगळे झोपल्यावर फ्रीजसमोर उरलेला भात, शिरा, हाती येईल ते. सकाळी स्वतःचा तिटकारा आणि पुन्हा नुसता चहा. आठवडाभराच्या नोंदी समोर ठेवल्या की, तिला स्वतःलाच दिसते की रात्रीच्या खाण्याचे मूळ सकाळच्या उपाशीपणात आणि संध्याकाळच्या अपमानात आहे. ‘माझ्यात संयमच नाही’ हा तिचा वर्षानुवर्षांचा निवाडा तिथे पहिल्यांदा डळमळतो.

दुसरी पायरी वेळेवर खाण्याची. तीन जेवणे, मध्ये दोनदा थोडेसे, आणि तीन-चार तासांपेक्षा मोठी फट नाही. आपल्याकडे इथे उपवासांचा प्रश्न येतो. श्रद्धेला धक्का न लावता तो सोडवावा लागतो, कारण दिवसभराच्या उपासानंतर साबुदाण्याच्या खिचडीवर सुटलेला ताबा अनेकांच्या वहीत सापडतो.

तिसरी पायरी विचारांची. एक लाडू खाल्ला म्हणजे दिवस फुकट गेला, ताटात टाकले म्हणजे अन्नाचा अपमान झाला, वजन उतरले की नवरा नीट वागेल, लग्न जमेल, आत्मविश्वास आपोआप येईल. यातले प्रत्येक वाक्य उलटसुलट तपासायचे. ‘लग्न जमेल’ या वाक्यापाशी मी नेहमी थांबते. शस्त्रक्रियेचा निर्णय त्या मुलीचा आहे की घरच्यांचा? शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायला सांगतात, हे होणाऱ्या सासरी कोण सांगणार? सैल पडलेल्या कातडीबद्दल तिला कोणी कल्पना दिली आहे का? हे प्रश्न भूल देण्याआधी विचारले गेलेच पाहिजेत.

चौथी पायरी सरावाची. जेवायला वीस मिनिटे, लहान घास, चावून चावून, जेवताना पाणी नाही. शस्त्रक्रियेनंतर हे करावेच लागते. लोह, कॅल्शियम, ब-१२ यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. आधी महिनाभर सराव झालेला असला की शस्त्रक्रियेनंतरचे दिवस अंगावर येत नाहीत. शिवाय मनाची औषधे चालू असतील, तर बायपासनंतर त्यांचे शोषण बदलू शकते. लिथियमसारख्या औषधाची रक्तातली पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी एकमेकांशी बोलणे अनिवार्य आहे.

शेवटची पायरी घरच्यांची. एका भेटीला घरातले माणूस बरोबर हवे. आपला पाहुणचार आग्रहावर उभा आहे. ‘अजून एक पोळी’ म्हणणाऱ्या आईच्या मनात माया असते, आणि तीन घासांत थांबलेल्या मुलाला पाहून ती रडते. तिलाही तयार करावे लागते.

परीक्षा नको

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या परिषदेने ठरवले की, रुग्णाची निवड वैद्यक, शल्य, मानसोपचार आणि आहार या चारही अंगांच्या जाणकारांनी मिळून करावी. हेतू चांगला होता. पण ‘निवड’ हा भाव प्रबळ झाला आणि मानसतज्ज्ञाची खोली अडथळ्याची चौकी बनली. माणूस परीक्षेला बसला की तो खरे सांगत नाही. रात्रीचे खाणे लपवतो, दारू लपवतो, मरणाचे विचार लपवतो. म्हणजे ज्या गोष्टींसाठी मदत द्यायची, त्याच दाराबाहेर राहतात.

म्हणून पहिल्याच भेटीत रुग्णाला स्पष्ट सांगावे की, शस्त्रक्रिया नाकारण्यासाठी मी इथे बसलेली नाही. नुकताच आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, भ्रम-भास चालू असतील, व्यसन जोरात असेल, तर ती पुढे ढकलावी लागेल आणि तोवर आपण उपचार करू. बाकी जे सांगाल त्यातले शल्यविशारदांना काय कळवायचे, ते आपण दोघे मिळून ठरवू.

रुग्णाला विनाकारण ताटकळत ठेवणेही अन्यायच आहे. अमेरिकेत अनेक विमा कंपन्या आधी काही महिन्यांच्या आहारक्रमाची सक्ती करत. तिथल्या लठ्ठपणा-शल्यविशारदांच्या संघटनेने या अटीला शास्त्रीय आधार नाही असे जाहीरपणे सांगितले. मानसोपचाराची अशी सक्तीची रांग झाली, तर माझा तिला विरोध राहील.

वजनकाट्यावर न दिसणारे

आता माझ्या बाजूला गैरसोयीचा वाटेल असा पुरावा मांडते. नॉर्वेत १०२ रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी दहा आठवडे वर सांगितल्यासारखा उपचार दिला, उरलेल्यांना नेहमीची काळजी. उपचार संपताना पहिल्या गटाचे अनावर आणि भावनेच्या भरातले खाणे कमी झाले होते, नैराश्य आणि चिंताही उतरली होती. पण शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने दोन्ही गट सारखेच दिसले. पुढच्या पाठपुराव्यातही वजनात फरक आढळला नाही. टोरांटोत सहा भेटी फोनवरून दिल्या गेल्या. तिथेही शस्त्रक्रियेआधी अनावर खाणे आणि नैराश्य कमी झाले. नंतर तिथल्याच चमूने शस्त्रक्रियेला वर्ष उलटलेल्या सुमारे तीनशे रुग्णांना तसाच उपचार दिला. २०२३ मध्ये निष्कर्ष आला. वजनात फरक नव्हता. खाण्याच्या तक्रारी आणि मनाचा त्रास मात्र कमी झाला होता.

काहीजण यावरून म्हणतात, मग हा खटाटोप कशाला? मी या पुराव्यातून वेगळा अर्थ काढते. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया इतकी जोरात काम करते की, तयारी झालेला आणि न झालेला यांच्यातला फरक झाकला जातो. भूक मंद असते, कपडे सैल होत असतात, लोक कौतुक करत असतात. दुसऱ्या वर्षी भूक परतू लागते, वजन स्थिरावते, कौतुक आटते. घट्ट पोळी-भाजी अडते, पण आइस्क्रीम, बासुंदी, सरबत सहज उतरते. जुनी सवय वाट शोधते ती याच काळात, आणि दारूचा आकडा वाढलेला आपण पाहिला तोही याच काळात. तेव्हा एकदाच, शस्त्रक्रियेआधीच दिलेल्या उपचाराने तोपर्यंत पुरून उरावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. आधीच्या भेटींनी ओळख घडते, भाषा घडते, नोंदवही हाती येते. त्या ओळखीचा उपयोग पुढे, गरज पडेल तेव्हा, व्हायला हवा.

आणि वजनात फरक पडला नाही म्हणून उपचार निरुपयोगी ठरतो, हेही मला मान्य नाही. माणूस रात्री शांत झोपला, लपून खाणे थांबले, मरणाचे विचार ओसरले, तर ते यश काट्यावर मोजायचे कशाला? नैराश्य कमी होणे हे स्वतःच उपचाराचे फलित आहे.

आपल्याकडे काय करता येईल

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीयांना कमी वजनातच धोका सुरू होतो. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई माणसांसाठी शस्त्रक्रियेची बीएमआय-मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली आहे. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनेही आपल्याकडे मिळू लागली आहेत. त्यांनी भूक शमते, पण खाण्याने अंगावर घेतलेले काम तिथेही शिल्लक राहते.

दुसरीकडे, मानसिक आजारांच्या बहुतेक रुग्णांपर्यंत आपल्या देशात उपचार पोचतच नाहीत, हे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले आहे. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला विमा मिळण्यासाठी नियामकाने वय, बीएमआय, सहव्याधी, डॉक्टरांचा सल्ला अशा अटी घातल्या आहेत. मनाच्या तयारीचा त्यांत उल्लेख नाही. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देण्याचे बंधन घातले आहे. त्याचा आधार घेता येईल.

म्हणून माझी काही आवाहने आहेत. रुग्णालयांनी शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच आधीच्या सहा ते दहा भेटी आणि नंतरची दोन वर्षे, दर तीन महिन्यांनी एक भेट, धरावी. दाखल होण्याच्या आदल्या दिवशी घेतलेली सही तयारी ठरत नाही. मानसतज्ज्ञ कमी आहेत हे खरे, पण टोरांटोच्या अनुभवाने फोन पुरतो हे दाखवले आहे. नंदुरबारच्या रुग्णाला त्यासाठी मुंबईला यावे लागू नये. आहारतज्ज्ञ आणि परिचारिका यांना नोंदवही वाचण्याचे प्रशिक्षण द्यावे. ती नोंदवही, प्रश्नावल्या आणि माहितीपत्रके सोप्या मराठीत तयार करण्याचे काम आपल्या मानसशास्त्र विभागांनी हाती घ्यावे.

रुग्णांना माझे सांगणे एवढेच की, मानसतज्ज्ञासमोर खरे बोला. मन खचले, जगणे नकोसे वाटले, तर टेलिमानस या मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र कधीही, मराठीतही, बोलता येते. तो क्रमांक शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांवर छापलेला असावा.

आणि आपण सगळे कोणाचे तरी आई-वडील, सासू-सासरे, शेजारी, सहकारी आहोत, म्हणून सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. कोणाच्या शरीरावर शेरा मारू नका, कोणाच्या ताटात न विचारता वाढू नका आणि शस्त्रक्रिया करून आलेल्या माणसाला किती किलो उतरले, हे विचारू नका. तो कसा आहे, हे विचारा आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.